गळ गोळ्यात नको, गोळ्यावर हवा

रायगडात हौसेने गळ टाकणाऱ्यांमध्ये मेथड फीडरचा, म्हणजे चारा भरून टाकायच्या सपाट वजनाचा, विषय निघाला की एक मत हमखास पुढे येते. ही वस्तू विलायती सिप्रनससाठी, म्हणजे कॉमन कार्पसाठी निघाली, तिकडच्या राखीव तळ्यांसाठी निघाली. आपले रोहू, कटला, मृगळ वेगळे आणि आपले पाणीही वेगळे. शिवाय त्यात नवे ते काय? पिठाचा गोळा आणि गळ ही जोडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. स्प्रिंगभोवती पीठ थापावे, पाच-सहा गळ त्यात खुपसावेत आणि भिरकावून द्यावे. एक गळ चुकला तर दुसरा लागेल. जिते गावापासून पेणपर्यंत आणि पुढे नागोठणे-रोह्यापर्यंत हेच ऐकायला मिळते, आणि ते बोलणाऱ्यांनी मासे काढलेले असतात. त्यामुळे हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही, त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

या पूर्वपक्षात दोन विधाने एकमेकांना चिकटवलेली आहेत आणि ती एकत्र नांदू शकत नाहीत. मेथड फीडर परका आहे म्हणून इथे चालणार नाही, हे पहिले. तो आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, हे दुसरे. दोन्ही अर्धवट खरी आहेत आणि नेमकी उलट्या जागी खरी आहेत. मेथड फीडरमधला चाऱ्याचा भाग आपला जुना आहे. गळ कुठे आणि कसा ठेवायचा हा भाग नवा आहे. माझे म्हणणे असे की हा नवा भागच आपल्या माशांच्या तोंडाला जास्त जुळतो. म्हणजे ज्या भागाला परका म्हणून आपण नाकारतो, त्याचीच आपल्याला गरज आहे.

आधी जुन्याचे बोलू. मासा असेल तिथे गळ न्यायचा की गळ असेल तिथे मासा आणायचा, हा प्रश्न आपल्या भागात फार पूर्वी विचारला गेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. जुन्या मराठीचे नमुने ज्या मोजक्या ग्रंथांत सापडतात त्यांत त्याचीही गणना होते. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कसा, त्याला कोणता चारा घालावा, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, हे सगळे तिथे शास्त्र म्हणून मांडले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहिले, तेव्हा आधुनिक अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. माशाला आधी खाऊ घालून जागेची सवय लावावी आणि मग गळ टाकावा, ही रीत दख्खनच्या राजदरबारात सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. तेव्हा चारा टाकून मासा जमवणे ही विलायती खोड आहे, असे म्हणणाऱ्याने आधी हा ग्रंथ उघडून पाहावा.

आता नव्याकडे येऊ. मेथड फीडर इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात तिथल्या कार्पच्या तळ्यांवर रुजला. आज तो ज्या रूपात मिळतो त्याचा तळ सपाट आणि जड असतो, वर प्लास्टिकच्या चार-पाच फासळ्या असतात आणि मधून एक नळी गेलेली असते. तंगूस त्या नळीतून ओवतात आणि फीडरच्या बाहेर चार बोटांची, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरची, आखूड दोरी व तिला एकच गळ ठेवतात. ओलसर चारा साच्यात भरून फासळ्यांवर दाबतात. आमिष साच्याच्या तळाशी आधी ठेवलेले असते, त्यामुळे साचा काढल्यावर ते चाऱ्याच्या माथ्यावर येते. सपाट बाजू जड असल्याने फीडर तळाला तसाच बसतो. पाण्यात काही मिनिटांत चारा सैल होऊन पसरतो आणि त्या लहानशा ढिगाच्या वर आमिष राहते.

आमिष गळात टोचलेले नसते, हा यातला दुसरा महत्त्वाचा भाग. ते गळाच्या दांडीपासून लोंबणाऱ्या बारीक दोऱ्यावर ओवलेले असते आणि गळ उघडा असतो. ही युक्ती लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघा इंग्रज गळवाल्यांनी १९८० च्या सुमारास काढली. मॅडॉक्स यांच्या १९८१ मधल्या ‘कार्प फीवर’ या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोचली. सुरुवातीला त्यांनी दोऱ्याच्या जागी खरोखरचा केस वापरला होता.

उघडा गळ पाहून मासा बुजणार नाही का? ही शंका मी अनेकदा ऐकली आहे आणि ती रास्त आहे. उत्तरासाठी कार्प खातो कसा हे पाहावे लागते.

कार्प कुळातल्या माशाच्या, म्हणजे आपल्या रोहू-कटला-मृगळाच्याही, जबड्यात दात नसतात. ते घशात असतात आणि दळण्याचे काम तिथे होते. तोंड पुढे नळीसारखे काढून तो पाण्यासकट घास ओढतो. टाळूवर मांसल गादी असते. त्या गादीने तो घास चाचपतो, खाण्यासारखे तेवढे आत धरतो आणि चिखल, खडा, काडी फुंकून बाहेर टाकतो. हे ओढणे आणि फुंकणे सतत चालू असते. चरणारा मासा क्षणाक्षणाला नको ते थुंकत असतो, आणि गळ ही त्याच्या दृष्टीने नको असलेलीच वस्तू. आता गळ पिठाच्या गोळ्यात गाडलेला असेल तर तो तोंडात जातो तेव्हा टोकाभोवती पीठ असते. मासा पीठ चाळतो आणि कठीण वस्तू बाहेर फुंकतो. टोक झाकलेले असल्याने गळ कशातही न रुतता बाहेर पडतो. आपण काठावर बसून नुसती दोरी हललेली पाहतो आणि मासा हुशार आहे असे म्हणतो.

उघड्या गळाचे याउलट होते. आमिष आत ओढले जाते, त्यामागून मोकळा गळ जातो. मासा फुंकतो तेव्हा आमिष आधी बाहेर येते आणि मोकळ्या गळाचे टोक खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकते. त्याच वेळी चार बोटांची दोरी संपते आणि फीडरचे वजन आडवे येते. टोक रुतते, मासा बिचकून पळतो आणि वजनामुळे ते आणखी आत जाते. दोरी हातभर लांब ठेवली तर यातले काही घडत नाही, कारण वजन जाणवायच्या आत गळ थुंकलेला असतो. म्हणून मेथड फीडरची करामत प्लास्टिकमध्ये आहे असे समजणाऱ्याने प्लास्टिक घेतले आणि दोरी लांब ठेवली, तर त्याचा पैसा खरोखरच फुकट जातो. इथे पूर्वपक्षाची तक्रार खरी ठरते, पण दोष वापराचा असतो.

यावर एक वजनदार प्रतिवाद आहे. कावेरीवर महसीर पकडणारे नाचणीच्या उंड्यातच गळ ठेवतात आणि त्यांनी अजस्र मासे काढले आहेत. महसीर कार्प कुळातलाच. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले, तेव्हापासून महसीरवर पुष्कळ लिखाण झाले आहे. मग गोळ्यातला गळ तिथे का चालतो? कारण महसीर वाहत्या पाण्यातला बलदंड मासा आहे. समोर आलेला उंडा तो अख्खा तोंडात घेतो आणि घशातल्या दातांनी चिरडतो. चिरडताना पीठ फुटते आणि गळ उघडा पडतो. प्रवाहात थांबून कुरतडत बसायला त्याला फुरसत नसते. रोहूचे तसे नाही. त्याचे तोंड किंचित खाली वळलेले, ओठ जाडसर आणि झालरीसारखे. दगडावरचे शेवाळ, पाणवनस्पतींचा कुजका भाग, काठावरचा लिबलिबीत थर खरवडून खाण्यासाठी ते घडलेले आहे. पिठाचा गोळा समोर आला की रोहू तो गिळत नाही, बाहेरून खरवडत जातो. मधोमध गाडलेल्या गळापर्यंत तो शेवटी पोचतो, किंवा पोचतच नाही. कावेरीचा दाखला महसीरपुरता खरा आहे. तो रोहूला लावणे म्हणजे कूळ एक म्हणून तोंडही एक मानणे.

गोळ्यात पाच-सहा गळ खुपसण्याची रीत याच अडचणीतून आली असावी, असे मला वाटते. एक गळ हुकतो म्हणून सहा लावायचे. गोळा झिजला की गळांचा झुपका उघडा पडतो, मासा त्याभोवती तोंड फिरवत असतो, आणि हिसका दिला की कुठला तरी गळ कुठे तरी लागतो. गालफडात, कल्ल्याजवळ, डोळ्याखाली, कधी पोटात. मासा हाती येतो म्हणून रीत यशस्वी वाटते. पण एक गळ ओठात आणि दुसरा बाहेरून अंगात अशा माशाचे मोठे हाल होतात, आणि हिसक्यात निसटलेला मासा फाटलेल्या तोंडाने तळ्यात राहतो. आपल्याकडचे तलाव नि धरणे बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे किंवा ग्रामपंचायतीच्या लिलावात ठेक्याने दिलेली असतात. ज्याने बीज विकत आणून सोडले, त्याच्या माशाला असे फाडून ठेवणे हे हौसेच्या नावाखाली त्याचे नुकसान करणे आहे. मला झुपक्याविरुद्ध सर्वांत मोठा मुद्दा हाच वाटतो, मासे किती मिळतात हा त्यानंतरचा. एका उघड्या गळाने पकडलेला मासा बहुतेक वेळा खालच्या ओठात लागलेला असतो. ठेवायचा असो की सोडायचा, गळ सहज निघतो.

आता पूर्वपक्षाचे सर्वांत भक्कम म्हणणे घेऊ. आपले मासे तळाला खात नाहीत, मग तळाला बसणारा फीडर काय कामाचा? शाळेतल्या पुस्तकातही कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात असे चित्र असते. मिश्र मत्स्यशेतीचा तो पाया आहे आणि तो खरा आहे. कटल्याचे तोंड वर वळलेले, रुंद. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव खातो. पेणजवळच्या हेटवणे धरणासारख्या खोल पाण्यात वरच्या थरात हिंडणाऱ्या कटल्यापुढे मेथड फीडर बहुतेक निरुपयोगी आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. तिथे तरंडा लावून आमिष अधांतरी ठेवावे.

पण त्यावरून रोहू-मृगळाला फीडर चालत नाही असे निघत नाही. मृगळ तर तळच चाळतो. रोहू मधल्या थरात हिंडतो, तरी खायला तो काठाकडे आणि तळाकडे येतो, कारण त्याच्या ओठांना खरवडायला पृष्ठभाग लागतो. आणि थरांचे हे चित्र खोल पाण्याचे आहे. जित्याच्या आसपासच्या तळ्यांत पुरुषभर पाणी म्हणजे पुष्कळ झाले. एवढ्या उथळ पाण्यात तळाला चारा विरघळू लागला की त्याचा ढग वरपर्यंत चढतो आणि कटलाही खाली उतरतो. राहिला सिप्रनस. तो विलायती खरा, पण १९३९ मध्ये निलगिरीत आणि १९५७ मध्ये बँकॉककडून कटकला आला, आणि आज महाराष्ट्रातल्या धरणांत घरचा झाला आहे. त्याच १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्पचे प्रजनन घडवले. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचे बीज पुराच्या नदीतून गोळा करावे लागे. आपल्या तळ्यातला रोहू हा बहुधा त्या शोधाचा वारस, उबवणी केंद्रातून आलेला. तो लहानपणापासून काय खात आला, हे पुढे चाऱ्याच्या मुद्द्याला लागणारे आहे.

आता आपल्या तळ्यांचा तळ पाहू. आपटा आणि हमरापूर या स्थानकांमधले जिते हे पाताळगंगेच्या खालच्या पट्ट्यातले गाव. लोणावळ्याच्या टाटांच्या तलावांतले पाणी खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून याच नदीत उतरते. खाली खाडीच्या बाजूला सगळा खारेपाट. बांध घालून, उघाडी बसवून खाडीपासून राखलेली भातजमीन, आणि घराजवळ किंवा शेताच्या कोपऱ्यात तळे. या तळ्यांचा तळ रेतीचा किंवा खडकाचा नसतो, मऊ गाळाचा असतो.

इथे ‘जितके जड तितके चांगले’ हा दुकानातला सल्ला आडवा येतो. ६० ग्रॅमचा फीडर मऊ गाळात रुतून बसतो आणि आखूड दोरी, आमिष, गळ सगळे आपल्यामागे ओढून घेतो. माशाला काही दिसतच नाही. सपाट तळाचा २० ते ३० ग्रॅमचा फीडर गाळावर टेकतो. तळ्याचा पल्ला लहान असल्याने लांब फेकायची गरजही नसते. याउलट गोल स्प्रिंग किंवा नुसता पिठाचा गोळा गाळात अर्धा बुडतो. म्हणजे विलायती तळ्यासाठी केलेला सपाट आकार आपल्या गाळालाच अधिक सोयीचा आहे.

दुसरी अडचण चिलापीची, म्हणजे तिलापियाची. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला आणि आता तो नाही असे तळे शोधावे लागते. लहान चिलापी मऊ पिठावर तुटून पडते आणि गोळा मिनिटभरात फस्त करते. पिठाचे आमिष गळावर टिकत नाही, म्हणून लोक मेथड फीडरला नावे ठेवतात. पण आमिष पिठाचेच असले पाहिजे असे कुठे आहे? हरभरा रात्रभर भिजवावा, पुरता शिजवावा आणि दोऱ्यावर ओवावा. मक्याचा दाणाही चालतो. चिलापी तो ढकलते, उलटापालटा करते, पण गिळू शकत नाही. मोठा मासा येईपर्यंत तो टिकतो. दाणे कच्चे मात्र कधीच वापरू नयेत. ते माशाच्या पोटात फुगतात.

आणि चारा. इथे मला पूर्वपक्षाची परदेशी माल आणावा लागतो ही तक्रार मुळीच पटत नाही. आपल्या देशात कार्पला पिढ्यान्‌पिढ्या घातलेले खाद्य म्हणजे भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा कोंडा, समभाग. तळ्यातला रोहू बोटुकली असल्यापासून हा वास ओळखतो. परदेशी पाकिटातल्या गोळ्यांपेक्षा त्याला हेच परिचयाचे. कोंडा भातगिरणीत मिळतो. पेंड कुटून चाळणीने चाळून घ्यावी, कारण मोठे तुकडे राहिले की साच्यातला चारा फेकताना फुटतो. दोन्ही एकत्र करून थोडे थोडे पाणी शिंपडावे आणि वीसेक मिनिटे झाकून ठेवावे. कोंडा पाणी पितो, म्हणून पहिल्यांदा बरोबर वाटलेले मिश्रण कोरडे पडते. पुन्हा शिंपडून पुन्हा चाळावे. चिकटपणा कमी पडला तर पातळ पोह्यांचा चुरा घालावा. पेणचे पोहे प्रसिद्ध आहेतच. भिजलेला पोहा चारा धरून ठेवतो आणि पाण्यात पुरता मुरला की सुटतो. हे मिश्रण टाकायच्या आधी तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत फीडर सोडून पाहावा. खाली जाताना फुटला तर पाणी कमी, दहा मिनिटांनीही तसाच राहिला तर पाणी किंवा पोहे जास्त. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात चारा लवकर सुटतो, थंडीत उशिरा. तेव्हा हे माप दर मोसमाला बदलते. मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत आवडीचा भाग हाच आहे, आणि मासा मिळणे-न मिळणे बहुतांशी यावरच ठरते.

फीडरने मासा आपोआप अडकतो, मग गळवाल्याचे कसब ते काय, असेही काही जुने जाणकार म्हणतात. हिसका नेमक्या क्षणी देण्याचे कसब इथे लागत नाही, हे खरे. पण चारा कुठे टाकायचा हे पाणी वाचून ठरवावे लागते. आणि एकदा ठरवले की प्रत्येक फेक त्याच जागी पडावी लागते, कारण दहा फेकी दहा जागी पडल्या तर दहा मुठी चारा वाया गेला आणि मासे विखुरले. रिळावरची तंगूस एका मापाला अडकवून काठावरची एक खूण धरून फेकणे ही सोपी गोष्ट नाही, करून पाहावी.

या पद्धतीचा खरा धोका वेगळाच आहे, आणि टीकाकारांनी तो क्वचितच मांडला आहे. नळीतून ओवलेला फीडर तंगूस तुटल्यास निसटून पडायला हवा. काहीजण तो गाठ मारून किंवा मणी घट्ट बसवून पक्का करतात, म्हणजे मासा चांगला अडकेल. मग झुडपात किंवा बांधाच्या दगडाला घासून तंगूस तुटली की मासा तो फीडर ओठाला बांधल्यासारखा घेऊन हिंडतो, कुठे तरी अडकतो आणि मरतो. असा पक्का केलेला फीडर वापरण्यापेक्षा मी झुपक्याचे जुने समर्थन ऐकून घेणे पसंत करीन. आखूड दोरीचे टोक नळीच्या तोंडात हलकेच बसावे आणि जोराने ओढले की सुटावे, एवढेच पुरते.

खारेपाटातला माणूस म्हणेल की आमच्या तळ्याची शान जिताडा आहे, आणि तो असल्या पिठाकडे ढुंकूनही पाहत नाही. अगदी बरोबर. जिताडा शिकारी मासा, हलणारे भक्ष्य घेणारा; खाडीतून पिल्ले आणून तळ्यात वाढवायची इथली रीत त्याच्या मांसाहारी तोंडावरच उभी आहे. जिताड्यासाठी मेथड फीडर घेऊन बसणे व्यर्थ. जिथे जिताडा आणि रोहू एकत्र आहेत तिथे फीडरला रोहू लागेल, जिताडा लागणार नाही, आणि तळ्याच्या मालकाने फक्त रोहू काढायची परवानगी दिली असेल तर त्याच्या दृष्टीने ही सोयच आहे.

उरला ‘जास्त चारा, जास्त मासे’ हा समज. किलो-दोन किलो पेंड एका बैठकीत हाताने भिरकावणारे मी पाहिले आहेत. लहान तळ्यात न खाल्लेली पेंड कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. उन्हाळ्यात पाणी आटलेले असते, रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते, आणि पहाटेपर्यंत तो इतका कमी होतो की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. अशा तळ्यात आदल्या संध्याकाळी पेंडीचा ढीग टाकणे हे मालकाचे तळे धोक्यात घालणे आहे. मेथड फीडर एका फेकीला लिंबाएवढा चारा नेतो आणि तो गळाशेजारीच ठेवतो. सबंध सकाळ बसले तरी अर्ध्या किलोच्या आत काम भागते. मे महिन्यात तळ्यावर जाणाऱ्याने तेवढाही चारा मासे खात आहेत असे दिसल्यावरच घालावा. आधी दोन फेकी टाकून थांबावे, दोरी हलली तर तिसरी टाकावी.